दगड मारणारा मोकळा, धावणारा घरात

दादा, नमस्कार.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतून लिहितेय. मला ऑफसाईडसुद्धा कळत नाही, पण घरात नवरा, दीर, पोरगा सगळे फुटबॉलचेच, त्यामुळं सुटका नाही. पोरगा वीस वर्षांचा आहे. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, आणि पहाटे उठून पोलीस भरतीचं रनिंग करतो. महिन्यापूर्वी शाहू स्टेडियमवर आमच्या तालमीची मॅच होती. संपायला दोन-तीन मिनिटं राहिली असताना आमच्या टीमनं गोल फेडला. आमचं येडं रेलिंग ओलांडून पळत आत गेलं आणि गोल मारणाऱ्याच्या गळ्यात पडलं. त्याच्या मागनं तीस-चाळीस पोरं गेली. पंचांनी खेळ थांबवला. त्या गोंधळात समोरच्या गोलकीपरला धक्काबुक्की झाली आणि गॅलरीतून कुणीतरी दगडही मारला.

आता मोबाईलच्या व्हिडिओत ज्यांची तोंडं दिसली, त्या सात पोरांवर संयोजकांनी दोन हंगामांची स्टेडियम बंदी घातलीय. तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नावांसकट कागद आला तेव्हा आम्हाला कळलं. कुणी बोलावलं नाही, विचारलं नाही. दगड मारणाऱ्याचं तोंड व्हिडिओत नाही, तो मोकळा फिरतोय आणि मिठी मारणारा घरात. मॅच असली की पोरगा गच्चीवर जाऊन बसतो, तिथं ओरडा ऐकू येतो. जेवत नाही. त्याचे वडील म्हणतात, बरं झालं. ओळखीचे एक नगरसेवक आहेत, ते शब्द टाकतो म्हणतात. टाकू द्यावा का? ही बंदी न्यायाची आहे का? आणि भरतीला अडचण तर येणार नाही ना?

– एक आई

*

ताई,

भरतीचं आधी उरकतो, कारण तुमची झोप त्यानंच उडालेली दिसते. संयोजकांनी घातलेली बंदी म्हणजे गुन्हा नव्हे. ज्याच्या ताब्यात मैदान आहे त्यानं ‘तू माझ्या दारात येऊ नकोस’ असं सांगितलंय, एवढाच त्याचा अर्थ. पोलिसांत तक्रार झाली असेल तर ती गोष्ट वेगळी. एकदा ठाण्यात जाऊन शांतपणे चौकशी करा, नाव कुठं आहे का. आपल्याकडं पोरं ज्याला अजून ‘एकशे सात’ म्हणतात, ती शांतता राखण्याच्या हमीची नोटीस आता नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १२६ व्या कलमाखाली निघते. तसलं काही आलं असेल तर वकिलाला दाखवा. आणि भरतीच्या अर्जात जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं, लपवालपवी नको. संपला तो विषय.

आता बंदीचं. मैदानात घुसणाऱ्याला बाहेर ठेवणं मला बरोबर वाटतं. पण दोन हंगाम, सातही जणांना एकाच मापानं आणि कुणाचंही न ऐकता, हे चुकलंय. अर्धा निकाल तुमच्या विरोधात आणि अर्धा बाजूनं, त्यामुळं तुम्ही आणि संयोजक दोघंही माझ्यावर नाराज होणार. चालेल.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात तुमचा लेक आहे, त्याचे वडील आहेत, नगरसेवक आहेत, दगडवाला आहे. एक माणूस मात्र अर्ध्या वाक्यात येऊन गेलाय. समोरचा गोलकीपर. त्याला धक्काबुक्की झाली, एवढंच. लागलं का, किती लागलं, पुढची मॅच तो खेळला का, यातलं काही नाही. मी तुम्हाला दोष देत नाही. आई आपल्याच पोराकडं बघणार. पण या सगळ्या प्रकरणाचा निवाडा मला त्या पोराच्या जागेवरून करावासा वाटतो, आणि त्याला माझं स्वतःचं एक कारण आहे.

मीही एकदा असाच पळालो होतो. मॅट्रिकच्या आसपासचं वय. आमच्या तालमीनं शेवटच्या घटकेला गोल घातला आणि पुढचं काही मी ठरवून केलं नाही. रेलिंगवरून उडी कधी मारली तेही आठवत नाही. आठवतं ते असं: समोरचा गोलकीपर गोल खाऊन पालथा पडलेला, एक हात पुढं पसरलेला, आणि मी आमच्या खेळाडूकडं बघत धावतोय. पायाखाली काहीतरी आलं. कॅनव्हासचे बूट होते, त्यामुळं तळव्याला नीट कळलं की ही माती नव्हे. मी थांबलो नाही. चार दिवसांनी गंगावेशीत दूध कट्ट्यावर तो दिसला. म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास डाव्या हातात, उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं की नाही देव जाणे. मी दूध घेतलं, तोंड फिरवून प्यालो आणि सटकलो.

मला कुणीही बंदी घातली नाही. तेव्हा मोबाईल नव्हते.

तुमचा लेक म्हणत असेल, मी फक्त मिठी मारली. खरंच असेल ते. पण आतल्या खेळाडूला ते कसं कळावं? नव्वद मिनिटं धावून त्याची छाती भात्यासारखी चाललेली असते आणि अंगावर चाळीस माणसं येताना दिसतात. त्यातलं कोण गळ्यात पडणार आणि कोण गळा धरणार, हे ओळखायला त्याच्याकडं दोन सेकंद असतात. १७ मे २०२२ ला इंग्लंडात नॉटिंगहॅमला असंच झालं. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं पेनल्टीवर शेफिल्ड युनायटेडला हरवलं आणि हजारो लोक आनंदानं मैदानात उतरले. शेफिल्डचा बिली शार्प त्या दिवशी खेळतही नव्हता, कडेला खिशात हात घालून उभा होता. गर्दीतून एकजण धावत आला आणि त्यानं शार्पच्या तोंडावर डोकं हाणलं. त्या माणसाला चोवीस आठवड्यांची कैद आणि दहा वर्षांची बंदी झाली. पाचच दिवसांनी मँचेस्टर सिटीनं लीग जिंकली, लोक पुन्हा आत आले आणि ॲस्टन व्हिलाच्या गोलकीपरवर हात पडला. बघा, पुन्हा गोलकीपरच. बिचारा सगळ्यांपासून लांब, एकटा उभा असतो ना.

या दोन्ही ठिकाणी आत गेलेले बहुतेक लोक तुमच्या लेकासारखेच होते, आनंदानं येडे झालेले. पण मारणारा त्यांच्याच आडोशानं आत गेला. एकटा पळाला असता तर पोलिसांनी अर्ध्या वाटेत उचलला असता. तुमच्या लेकानं धक्का मारला नसेल, पण धक्का मारणाऱ्याला वाट मात्र त्यानंच करून दिली. रेलिंगवरून पहिला तोच गेला, हे तुमच्याच पत्रात आहे.

टेनिसमधलं एक उदाहरण सांगतो, ते माझ्या मनातून जात नाही. ३० एप्रिल १९९३, जर्मनीत हॅम्बुर्ग. मोनिका सेलेस जगात पहिल्या नंबरवर होती. दोन गेमच्या मधल्या विश्रांतीला खुर्चीत बसलेली असताना एका प्रेक्षकानं मागून येऊन तिच्या पाठीत सुरा खुपसला. जखम काही आठवड्यांत भरली, पण ती पुन्हा कोर्टवर उतरायला दोन वर्षांहून जास्त काळ गेला. खेळाडू आपल्याकडं पाठ करून खेळतो तो आपल्या भरवशावर.

आता तुमचा दीर म्हणेल की मग जाळ्या लावा, उंच कुंपण घाला, पोरांना कशाला शिक्षा? हा उपाय करून झालाय, आणि त्याची किंमत मोजूनही झालीय. सत्तर-ऐंशीच्या दशकात इंग्लंडात प्रेक्षकांना आत येऊ द्यायचं नाही म्हणून कितीतरी स्टेडियमांत गॅलरीपुढं लोखंडी कुंपणं उभी केली होती. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल होती. एका बाजूच्या गॅलरीत माणसं कोंबली गेली, पुढं कुंपण, मागून लोंढा. श्वास घेता येईना म्हणून लोक कुंपणावर चढून मैदानात उतरू लागले, तर पोलिसांना आधी वाटलं की ही हुल्लडबाजीच चाललीय. सत्त्याण्णव माणसं गेली. दोष प्रेक्षकांचा नव्हता, हे न्यायालयात ठरायला २०१६ उजाडलं. हिल्सबरोच्या चार वर्षं आधी, मे १९८५ मध्ये, ब्रॅडफर्डला लाकडी गॅलरीला आग लागली होती. छप्पन्न माणसं दगावली, पण पुष्कळजण वाचले, कारण त्या गॅलरीपुढं कुंपण नव्हतं आणि त्यांना थेट मैदानात उतरता आलं.

हिल्सबरोनंतर न्यायमूर्ती टेलर यांची चौकशी झाली, तिकडची कुंपणं निघाली, आणि १९९१ मध्ये कायदा आला की परवानगीशिवाय किंवा रास्त कारणाशिवाय मैदानात पाऊल टाकणं हा गुन्हा. मला तो क्रम फार बोलका वाटतो. लोखंड काढलं आणि त्या जागी नियम ठेवला. म्हणजे तुमचा लेक ज्या बुटक्या रेलिंगवरून सहज उडी मारू शकला, ते रेलिंग बुटकं ठेवणं हीच त्याच्यावरची मेहेरबानी आहे. उद्या गॅलरीत चेंगराचेंगरी झाली तर त्याच वाटेनं तो आणि त्याचे वडील बाहेर पडतील. ते रेलिंग बुटकंच राहावं असं वाटत असेल, तर एरवी ते ओलांडणाऱ्याला काहीतरी किंमत पडलीच पाहिजे. नाहीतर दोन-चार हंगामांत तिथं पिंजरा येईल आणि आपण सगळे जाळीच्या चौकोनातून मॅच बघू.

कोल्हापुरात हे पटवून देणं अवघड आहे, मला माहीत आहे. आपल्याकडं खेळात ईर्षा असते आणि ती आपल्याला मिरवायलाही आवडते. २०२२ चा वर्ल्ड कप झाला कतारात, आणि मेस्सी-नेमारचे कटआऊट लागले आपल्या चौकात. आपला अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारताकडून १७ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, तेव्हा ज्यांना कॉर्नर आणि थ्रो-इन यातला फरक कळत नाही तेही टीव्हीपुढं बसले होते. एका पेठेचा गोल दुसऱ्या पेठेला जेवताना घशात अडकतो. ही ईर्षा नसती तर दुपारच्या उन्हात सिमेंटच्या पायरीवर कोण बसलं असतं? मी तिच्या विरोधात बोलणारा माणूस नाही.

मला एकजण म्हणाला, खासबागेत कुस्ती झाली की लोक आत जातातच की, पैलवानाला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. मग फुटबॉललाच काय सोवळं? मुद्दा खरा आहे. मीही खासबागेत नाचलोय. पण कुस्ती निकाली झाल्यावर लोक उतरतात. पैलवान अजून एकमेकांच्या पटात असताना हौद्यात उडी मारणारा मला कुणी दाखवावा. तिथलेच म्हातारे त्याला कानाला धरून बाहेर काढतील, संयोजकांपर्यंत प्रकरण जाणारही नाही. तुमच्या लेकाची मॅच अजून चालू होती. दोन-तीन मिनिटं बाकी होती. समोरची टीम तेवढ्या वेळात पुन्हा गोल घालू शकली असती. तो त्यांचा हक्क होता, आणि बाहेरची माणसं आत आली की खेळ थांबवायचा किंवा मॅचच रद्द करायची, हा पंचांचा अधिकार आहे. मॅच रद्द झाली असती तर तुमच्याच तालमीचा फेडलेला गोल पाण्यात गेला असता. हे त्या गोल मारणाऱ्याला विचारा, मिठी किती गोड लागली ते.

म्हणून बंदी बरोबर. आता संयोजकांकडं वळतो.

इंग्लंडात कोर्ट जी बंदी घालतं ती साधारणपणे तीन ते पाच वर्षांची असते. सोबत तुरुंगवास झाला असेल तरच सहा ते दहा. ऐकायला भयंकर वाटतं. पण ती घालण्याआधी त्या माणसाला कोर्टात उभं करतात, त्याचा वकील बोलतो, न्यायाधीश कारण देतो. आणि दोन तृतीयांश मुदत नीट काढली की ‘आता उठवा’ असा अर्ज करण्याचा हक्क त्याला कायद्यानंच दिलाय. जर्मनीत बंदी क्लब आणि संघटना घालतात, म्हणजे आपल्या संयोजकांसारखंच. तिथं बायर्न म्युनिकचा एक सोळा वर्षांचा पाठीराखा २००६ मध्ये एका मॅचनंतरच्या राड्यात सापडला. पोलिसांची केस पुढं किरकोळ म्हणून बंद झाली, पण देशभरातल्या स्टेडियमची बंदी काही उठली नाही. तो झगडत थेट त्यांच्या घटना न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०१८ मध्ये निकाल लागला. तो स्वतः हरला. कोर्ट म्हणालं, गुन्हा सिद्ध झाला नसला तरी पुन्हा गोंधळ होईल अशी रास्त भीती असेल तर बंदी घालता येते. पण त्याच निकालात पुढं म्हटलंय की स्टेडियम लोकांसाठी उघडलंत म्हणजे मन मानेल तसं कुणालाही हाकलता येणार नाही. ठोस कारण हवं, त्या माणसाचं आधी ऐकून घ्यायला हवं, आणि त्यानं मागितलं तर कारण सांगायला हवं.

जर्मनीचा निकाल कोल्हापुरात लागू होत नाही, आणि फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी इंग्लंडसारखा वेगळा कायदाही आपल्या देशात नाही. पण ऐकून घेणं आणि कारण सांगणं यासाठी कायदा कशाला लागतो? आपल्या तालमीत दोन पोरांची मारामारी झाली तर वस्ताद दोघांनाही समोर बसवून विचारतात. एवढी रीत आपल्यात पहिल्यापासून आहे. सात घरांत सात फोन करायला एक संध्याकाळ पुरली असती.

संयोजकांची अडचण मला दिसते, ते खोटं बोलणार नाही. त्यांच्याकडं चार स्वयंसेवक, कुणीतरी काढलेले दोन हलते व्हिडिओ, वरून पोलिसांचा तगादा की काहीतरी कारवाई दाखवा. मग व्हिडिओत तोंड दिसलं त्याचं नाव लिहिलं. सापडला तो चोर. पण यातून पोरं काय शिकली असतील? पुढच्या वेळी रुमाल बांधून आत जायचं, एवढंच. सुक्याबरोबर ओलं जळतं तेव्हा सुक्याला काही फरक पडत नाही, ओलं मात्र धुमसत राहतं. गच्चीवर बसलेला तुमचा लेक तेच करतोय. मिठी मारणारा, धक्का मारणारा आणि दगड मारणारा या तिघांना एकच शिक्षा असेल, तर त्याचा एकच अर्थ निघतो: आत गेलाच आहेस तर सगळंच करून घे.

त्यातही दगडाचं मोजमाप सगळ्यात कडक हवं, कारण दगडाला पेठ नसते, तो कुणालाही लागतो. ९ डिसेंबर २०१२ ला कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या मॅचमध्ये गॅलरीतून आलेला दगड बागानच्या सय्यद रहीम नबीला लागला. त्याला रुग्णालयात न्यावं लागलं, मध्यंतरानंतर बागानची टीम उतरलीच नाही. याच दोन टीमांच्या मॅचला ईडन गार्डन्सच्या गॅलरीत १६ ऑगस्ट १९८० ला मारामारी पेटली आणि चेंगरून सोळा माणसं मेली होती. तिथं फुटबॉलचं वेड आपल्याहून जुनं आहे, त्यामुळं वेडाचे धडेही त्यांनी आपल्याआधी गिरवलेत.

दगड कुणी मारला हे तुमच्या लेकाला माहीत आहे. मी पैज लावतो. पेठेत असली गोष्ट रात्रीच्या आत सगळ्यांना कळते. त्यानं नाव सांगावं का? इथं माझं मन दोन्हीकडं जातं. स्वतःची शिक्षा कमी व्हावी म्हणून दुसऱ्याचं नाव पुढं करणं मला आवडणार नाही, आणि त्या गल्लीत त्याला पुढं राहायचंही आहे. पण ‘मला काही माहीत नाही’ असं त्यानं लिहून देऊ नये. त्या दगडानं कुणी जखमी झाला असेल आणि पोलिसांनी किंवा संयोजकांनी समोर बसवून विचारलं, तर खरं सांगावं. उद्या ज्याला पोलिसाची वर्दी अंगावर घालायचीय, त्याची ही पहिली परीक्षा समजा. मैदानी चाचणीपेक्षा अवघड आहे.

नगरसेवकांचं काय? नाही. शब्द टाकू देऊ नका. ते भले असतील, त्यांचा शब्द चालेलही. समजा तुमच्या लेकाचं नाव त्या कागदावरून गेलं. उरलेल्या सहा घरांना ते संध्याकाळपर्यंत कळेल, आणि तुमच्या लेकाला त्याच सहाजणांत बसायचंय. शिवाय दगड मारणाऱ्यालाही कुणीतरी नगरसेवक ओळखीचा असणारच. पुढच्या वर्षी त्याचं तोंड व्हिडिओत आलं आणि संयोजक कारवाई करायला गेले, की तो म्हणेल, गेल्या वर्षी अमक्याचं नाव कसं उठवलं? मग तुम्हाला पत्रातलं ते वाक्य पुन्हा लिहावं लागेल, दगड मारणारा मोकळा.

त्याऐवजी अर्ज करा. तुम्ही किंवा त्याच्या वडिलांनी लिहायचा नाही, पोरानं स्वतःच्या हातानं, साध्या कागदावर. वकिली भाषा नको. पहिल्याच ओळीत यावं की मी खेळ चालू असताना आत गेलो आणि ते चुकलं. ‘भावनेच्या भरात’ वगैरे शब्द टाळावेत, कुठलाही पुढारी सापडला की तेच म्हणतो. मग लिहावं की मी कुणाला धक्का मारला नाही, हवं तर सगळा व्हिडिओ माझ्यासमोर लावा. मला बोलावून ऐकून घ्या. आणि मागणी काय, तर एक हंगाम मी बाहेर काढतो, दुसऱ्या हंगामाला हमीपत्र घेऊन सोडा, पुन्हा आत गेलो तर कायमचं काढा. सगळी बंदी उठवा असं मागू नका. तो एक हंगाम त्याला लागू आहे, तो त्यानं काढावा. उरलेल्या सहाजणांनाही सांगा, ज्यानं त्यानं आपापला अर्ज द्यावा. एकाच कागदावर सात सह्या करू नका, कारण सातांनी केलेलं एकसारखं नाही, हाच तर आपला मुद्दा आहे.

त्याचे वडील ‘बरं झालं’ म्हणतात ना? त्यांना एकदा जेवताना सहज विचारा, तुम्ही तुमच्या वयात किती वेळा ते रेलिंग ओलांडलं होतं. मंगळवार पेठेतला पन्नाशीचा माणूस ‘एकदाही नाही’ म्हणाला तर मला कळवा, मी येऊन त्यांचा सत्कार करतो. तालमीची पुढची मॅच असेल त्या दिवशी त्यांनी स्टेडियमवर न जाता पोराबरोबर गच्चीवर बसावं. बोलायचं काही नाही. ओरडा आला की गोल आपला का त्यांचा, ते दोघांनी मिळून ओळखायचं. ओरड्यावरून ओळखता येतं, त्या दोघांना तर नक्कीच. खाली यायची वाट न बघता भाकरीचं ताट वरच पाठवा.

आणि गोलकीपर. त्याला भेटायला तुमच्या लेकानं जावं. एकट्यानं. चार मित्र घेऊन दुसऱ्या पेठेत गेला तर माफी मागायला आलेत का मारायला, हे कुणाला कळणार नाही. पुन्हा तीच गोष्ट होईल, चाळीस माणसं आणि दोन सेकंद. त्या पोराच्या दारातही नको, तिथं त्याचे मित्र असतील आणि त्याला ताठ राहावं लागेल. निरोप धाडून कट्ट्यावर बोलवावं, संध्याकाळी धारा काढायच्या वेळेला. हाताला लागलं का, एवढं विचारावं आणि पहिला मी घुसलो होतो हे सांगावं. तो चिडेल, शिवी देईल. द्यावी. माझ्या त्या दोन बोटांच्या पट्टीला आता चाळीस वर्षं व्हायला आली. तो माणूस अजून आहे, अधूनमधून महाद्वार रोडला दिसतो. मी अजून विचारलेलं नाही.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक संयोजकांकडं द्या, दुसरीवर तारीख घालून पोच घ्या, आणि पुढच्या हंगामाचं वेळापत्रक लागायच्या आत द्या.